अल्माटीचा डेनिस टेन

(दृश्य : बेळगाव. रिंकवर सकाळचा सराव. चार चाकांच्या स्केट्सवरची मुलं एका पायावर पाठमोरी वळण घेत येतात.)

निवेदन :
बेळगावात बर्फाची रिंक नाही. टिळकवाडी, शहापूर, अनगोळची मुलं चाकांवर शिकतात. पण ॲक्सेल ही उडी बर्फावर आणि फरशीवर एकच. डावीकडे फिरणाऱ्यानं डाव्या पायाच्या आउटसाइड एजवरून, म्हणजे बाहेरच्या कडेवरून, पुढे तोंड करून उठायचं आणि उजव्या पायाच्या आउटसाइड एजवर पाठमोरं उतरायचं. त्यामुळे अर्धा फेरा जास्त लागतो. ट्रिपल ॲक्सेलमध्ये साडेतीन.

ही उडी बघावी ती कझाकस्तानचा फिगर स्केटर डेनिस टेन याची.

(दृश्य : अल्माटी, मागे बर्फाचे डोंगर.)

जन्म १३ जून १९९३, कझाकस्तानातल्या अल्माटीचा. घराणं मूळचं कोरियन, आई व्हायोलिनवादक. अंगावर कपड्यांचे थर चढवून तो उघड्यावरच्या बर्फावर शिकला. पुढे आईबरोबर मॉस्कोला गेला आणि २०१० पासून कॅलिफोर्नियात प्रशिक्षक फ्रँक कॅरल यांच्याकडे शिकू लागला.

२०१३ ची जागतिक स्पर्धा कॅनडातल्या लंडन शहरात झाली. तिथं साडेचार मिनिटांच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब फेरीत, तो सगळ्यांच्या पुढे होता. एकूण गुण २६६.४८, विजेत्या पॅट्रिक चॅनचे २६७.७८. सव्वा गुणाच्या आसपास सुवर्ण हुकलं. २०१४ च्या सोची ऑलिंपिकला पहिल्या फेरीनंतर नववा होता, तिथून कांस्यपदकापर्यंत चढला. फिगर स्केटिंगमधलं कझाकस्तानचं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

(दृश्य : चार चाकांचा क्वाड स्केट उलटा धरलेला, पान्यानं ट्रकचा, म्हणजे चाकं धरणाऱ्या भागाचा, नट फिरवणारा हात.)

ॲक्सेल बिघडते ती बहुतेक वेळा उठण्याआधीच. खांदे लवकर फिरले की एज घसरते, उडी हवेत कलते आणि फेरा अपुरा राहतो. चाकांवर यात आणखी एक भर पडते. पाऊल कललं की ट्रकमधलं रबरी कुशन दबतं आणि स्केट वळतो. नट फार ढिला असेल तर उठताना पाऊल डगमगतं. फार आवळला तर एज लागतच नाही. नट पाव फेरा फिरवा, एका पायावर वळण घेऊन बघा, मगच पुढचा पाव. पावसाळ्यात फरशी ओलसर असताना उड्या नकोतच. एका जोडीत १६ बेअरिंग असतात आणि पाण्यानं ती गंजतात.

२०१५ मध्ये सोलच्या फोर कॉन्टिनेंट्स, म्हणजे युरोपबाहेरच्या खंडांच्या, स्पर्धेत २८९.४६ गुणांसह टेननं सुवर्ण घेतलं. २०१७ मध्ये उजव्या घोट्याचे अस्थिबंध फाटले. तरी २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकला तो उतरला आणि २७ वा आला. त्या क्रमांकावरून त्याला जोखणं अन्यायाचं आहे. तो घोटा उतरतानाचा सगळा भार झेलत होता.

१९ जुलै २०१८. अल्माटीत, भरदिवसा, दोघे जण त्याच्या गाडीचे आरसे चोरत होते. त्यानं अडवलं. चाकूचा वार मांडीतल्या मोठ्या धमनीवर बसला. सुमारे तीन लिटर रक्त गेलं. मोठ्या माणसाच्या अंगात असतं पाचच्या आसपास. रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वय २५. दोघांना १८-१८ वर्षांची शिक्षा झाली. गाडीच्या आरशांपायी एवढा खेळाडू गेला, याची चीड आजही येते.

(दृश्य : २०१३ चं फ्री स्केट, संथ गतीत.)

त्याच्या ॲक्सेलच्या वेळी फेरे मोजू नका. बर्फ सोडण्याआधीचं शेवटचं पाऊल पाहा : गुडघा किती वाकलाय, आणि मोकळा पाय पुढे येईपर्यंत खांदे कसे थांबलेत.