सव्वा तासाचं विमान

तिकिटावर छापलंय : गोवा ते मुंबई, एक तास पंधरा मिनिटं.

दक्षिण गोव्याच्या टोकाचं काणकोण, तिथलं चावडी गाव. पहाटेचे साडेचार. डिकीत बॅग चढतेय. आत दोन पिशव्यांत गुंडाळलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या लाल रसाची बाटली. आई दारातूनच सांगते, ‘‘बॅग आडवी करू नकोस हां!’’ विमान सव्वानऊचं. सुटणार मोपाहून, उत्तर गोव्यातल्या पेडण्याच्या नव्या विमानतळावरून.

करमल घाट अंधारातच उतरतो. मडगाव अजून झोपेत. मग जुवारी, मांडवी आणि कोलवाळला शापोरा. विमान दिसायच्या आधी तीन नद्या ओलांडायच्या. शंभरेक किलोमीटर, अडीच तास. पेडण्याचा माणूस या वेळी घरी दुसरा चहा घेत असतो.

गोव्याचा जुना, दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज काळातला. १९६१ नंतर तो नौदलाकडे आला. आजही आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात. मोपाहून प्रवासी विमानं ५ जानेवारी २०२३ पासून उडू लागली. सरळ रेषेत मोजलं तर दाबोळी ते मुंबई साधारण ४२५ किलोमीटर आणि मोपाहून ३९०. म्हणजे मुंबई जवळ आली, पण विमानाला. काणकोणकराला ती लांबच गेली.

आता तो सव्वा तास. विमान हवेत असतं जेमतेम पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं. मग उरलेला वेळ कुठे जातो? चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं, की घड्याळ सुरू होतं. मुंबईत ठरल्या जागी थांबून पुन्हा ठोकळे लागले, की ते बंद होतं. वैमानिक याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. धावपट्टीकडे रांगत जाणं, पुढच्या विमानाची वाट बघणं, सगळं यातच. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. कधी मुंबईच्या आभाळात घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या हा उशीर आधीच धरून वेळ छापतात. म्हणून तर वैमानिक ‘आपण वेळेआधी पोहोचलो’ असं ऐटीत सांगू शकतो.

साडेदहाला विमान उतरलं. पट्ट्यावर बॅग यायला अर्धा तास. डोंबिवलीच्या घराची बेल वाजली तेव्हा साडेबारा.

चावडी ते डोंबिवली, आठ तास. पावसाळा सोडला तर मडगावहून सुटणारी वंदे भारत पावणेआठ तासांत सीएसएमटीला पोहोचते, आणि वाटेत ठाण्याला थांबते. जुन्या लोकांना विचारा, पणजीहून बोटीत बसलं की भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत जवळजवळ एक दिवस जायचा. पण बोटीत आगळाची बाटली मांडीवर घेऊन बसता यायचं.

डोंबिवलीत बॅग उघडली. वरचे दोन शर्ट लालभडक.