नैरोबीच्या पालेभाज्या आणि त्यांचं बी

आज केनियाच्या राजधानीतल्या, म्हणजे नैरोबीतल्या देशी पालेभाज्यांबद्दल बोलायचंय. पण आधी एक गोष्ट क्लिअर करते. शहरात शेती केली की शहराचं पोट भरेल असा दावा मी करणार नाहीये. मका, डाळी, तेल हे बाहेरूनच येणार, तेवढी जमीन कुठल्याच शहराकडे नसते. पण 1996 साली रोमच्या वर्ल्ड फूड समिटमध्ये अन्नसुरक्षेचा जो अर्थ ठरला त्यात नुसतं पोट भरणं नाहीये, पौष्टिक अन्न, सगळ्यांना, कायम मिळत राहणं असं आहे, आणि पैसे कमी पडले की ताटातून सगळ्यात आधी जे गायब होतं ते म्हणजे भाजी आणि फळं. मक्याच्या पिठाची उगाली काहीही करून शिजते हो, तिच्यासोबत काय आहे हा खरा प्रश्न. डब्ल्यूएचओ म्हणतं माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या पाहिजेत. नैरोबीतल्या किबेरासारख्या गरीब, दाटीच्या वस्तीत रोजंदारीवर घर चालवणाऱ्या बाईला हे कसं जमायचं?

तर तिथल्या भाज्या कुठल्या, बघा. तेरेरे, म्हणजे माठ-राजगिऱ्याच्या कुळातली. कुंडे, म्हणजे चवळीचा कोवळा पाला. सागा, ही आपल्याकडे पांढरी तिळवण म्हणून बांधावर उगवते तीच. मानागु ही कामोणीच्या जातकुळीतली, जरा कडसर. ह्या भाज्या तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या खाल्ल्या, मग ब्रिटिशांच्या राज्यात कोबी आणि केल (कोबीच्याच कुळातली पालेभाजी) यांना मान आणि मार्केट मिळालं आणि ह्या ठरल्या तण, गरिबांचं खाणं. शेतकी कॉलेजात शिकवायच्या नाहीत, बियाणं कंपनीने विकायच्या नाहीत, असं कित्येक वर्षं चाललं. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्वासाठी लागणारं कॅरोटीन हे सगळं ह्या गडद पानांमध्ये कोबीपेक्षा कितीतरी जास्त असतं.

हे चित्र बदलायला ज्यांनी आयुष्य दिलं त्यांच्यात प्रोफेसर मेरी अबुकुट्सा-ओन्यांगो यांचं नाव घ्यायलाच पाहिजे. लहानपणी त्यांना दूध, अंडी, मासे यांची अ‍ॅलर्जी होती, त्यामुळे त्या ह्या पालेभाज्यांवरच वाढल्या, आणि पुढे फलोत्पादन शिकून त्यांनी ह्याच भाज्यांवर रिसर्च केला, जोमो केन्याटा कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या, 2010 मध्ये आफ्रिकन युनियनचा विज्ञान पुरस्कारही मिळाला. त्यांच्या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे बियाणं, त्यावर मी येतेच.

आधी शहरात ह्याच भाज्या का, ते. एक तर ह्या लवकर येतात. तेरेरे तीन-चार आठवड्यांत खुडायला तयार, उन्हाला घाबरत नाही, आणि पानं खुडत राहिलं की परत फुटते. कुंडे हवेतला नायट्रोजन मुळांवाटे जमिनीत आणते, म्हणजे खताचा खर्च कमी. दुसरं म्हणजे पालेभाजी तोडल्यावर काही तासांत मलूल होते, क जीवनसत्त्व उडत जातं, त्यामुळे दारातून थेट पातेल्यात जाणारी भाजी आणि ट्रकमधून दोन दिवसांनी आलेली भाजी ह्यात खूप फरक असतो.

आणि जागा? पोतं! पोत्याच्या मधोमध तळ काढलेला डबा ठेवायचा, त्यात दगड भरायचे, भोवती माती आणि शेणखत, मग डबा वर ओढून घ्यायचा, परत दगड, परत माती, असं करत वरपर्यंत. दगडांच्या त्या खांबातून पाणी खालपर्यंत झिरपतं आणि पोत्याला बाजूने भोकं पाडून त्यात रोपं लावायची, वरही लावायची. 2007 च्या निवडणुकीनंतर जो हिंसाचार झाला त्यात किबेराचे रस्ते बंद पडले, भाव भडकले, आणि त्यानंतर संस्थांच्या मदतीने ही पोती तिथे झपाट्याने पसरली. शिवाय पोतं हलवता येतं. जिथे घराखालची जमीन आपल्या नावावर नाही तिथे ही फार मोठी गोष्ट आहे.

आता बियाणं. इथे जरा थांबते कारण बहुतेक प्रकल्प इथेच अडकतात आणि दोष मात्र बायकांवर येतो की यांना जमत नाही. मानागुचं बी फळाच्या गरात असतं, तो गर नीट धुतला नाही तर उगवण फारच कमी होते. सागाचं ताजं बी लगेच पेरलं तर उगवतच नाही नीट, ते काही महिने झोपलेलं असतं, साठवून ठेवावं लागतं. हे माहीत नसलं तर बाई दोनदा पेरते, काही येत नाही, आणि मग पोतं रिकामं पडतं. खेड्यात आजी सांगायची, शहरात आलेल्या मुलीला सांगायला कोण आहे? प्रोफेसर अबुकुट्सांनी हेच काम हातात घेतलं, चांगलं बी कसं धरायचं, कधी काढायचं, कसं सुकवायचं हे शेतकऱ्यांना शिकवायचं. पण शहरात आणखी एक पेच आहे, बी धरायचं म्हणजे झाड पिकू द्यायचं, तितके आठवडे त्याची पानं खायची नाहीत, आणि जिच्याकडे दोनच पोती आहेत तिने ते का करावं? तिच्याकडून ही अपेक्षा ठेवणंच मला अन्यायाचं वाटतं.

धोक्यांबद्दलही बोलायला हवं. पालेभाज्या शिसं आणि कॅडमियम ओढून घेतात. सब-सहारन आफ्रिकेत शिशाचं पेट्रोल 2006 पर्यंत बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत पडलेलं शिसं कुठे जात नाही, तिथेच राहतं. म्हणून माती कुठून आणली हे विचारायचंच, आणि पोत्यात स्वच्छ माती आणि भरपूर कंपोस्ट घालायचं. नैरोबीत नदीकाठी सांडपाण्यावर भाजी पिकवली जाते, त्यातले जंतू शिजवल्यावर मरतात, धातू मात्र मरत नाहीत. डब्ल्यूएचओच्या 2006 च्या गाइडलाइन्समध्ये साधा उपाय आहे, काढणीच्या आधी काही दिवस असं पाणी देणं बंद करायचं, जंतूंचा भार बराच कमी होतो. भाजी धुवायची, शिजवायची, आणि चमचाभर तेल घालायचं, कारण तेलाशिवाय कॅरोटीन फारसं अंगी लागत नाही.

2015 मध्ये नैरोबी काउंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारने, शहरी शेतीचा कायदा केला, म्हणजे शहरात पिकवणं हे आता लपूनछपून करायचं काम राहिलं नाही, आणि हे पाऊल मोठंच आहे. पण माझं मागणं त्याच्या पुढचं आहे, प्रत्येक वस्तीत शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा चर्चच्या आवारात फक्त बियाण्यासाठी एक वाफा पाहिजे, ज्यातली पानं कोणी खुडणार नाही, आणि त्याची राखण करणाऱ्या बाईला काउंटीने पगार द्यावा. तेरेरेचं एकच झाड पूर्ण पिकू दिलं तर हजारो बिया देतं, त्यामुळे वाफा मोठा असायचीही गरज नाही, बी धुणं, सुकवणं, तारीख लिहून ठेवणं आणि मागायला आलेल्या प्रत्येकीला ते देणं एवढं काम नेमाने झालं पाहिजे.