प्यायलेल्या दिवसाची गोळी

समुपदेशक मित्रहो, एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, उरलेल्या गोळ्या मोजतात. महिन्याच्या तीसपैकी सहा उरल्या की 'अनियमित' असा शेरा पडतो आणि रुग्णाला पुन्हा तेच ऐकवलं जातं, गोळी रोज घ्या. त्या सहा गोळ्या नेमक्या कोणत्या दिवशी राहिल्या, हे कुणी विचारत नाही. माझा आग्रह या एका प्रश्नाचा आहे.

पुष्कळदा उत्तर येतं, "त्या दिवशी थोडी घेतली होती, म्हणून गोळी टाळली." दारूवर गोळी घेतली की विष होतं, ही समजूत फार चिवट आहे. 'आधी दारू सोडा, मगच औषध लागू पडेल' असं बजावून आपणच ती पक्की करतो. सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या टीएलडी या एकत्रित गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं. दारूशी तिचं तसं वैर नाही. तेव्हा स्वच्छ सांगा, प्यायलात तरी गोळी घ्याच. रोज संध्याकाळी पिणाऱ्याला रात्रीची वेळ देऊ नका, सकाळच्या चहाशी बांधा. मात्र दुसऱ्या दिवशी पित्त खवळलं म्हणून तो अ‍ॅसिडिटीचं औषध घेतो. त्यातलं मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं, रक्तात पोचू देत नाही. ते औषध टीएलडीनंतर दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी घ्यायला सांगा. क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर मात्र दारू यकृतावर खरोखर घाला घालते. उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आता, तो का पितो? झोप लागत नाही म्हणून, की मन कशातच लागत नाही म्हणून? गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, कशात रस उरला नाही का, एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. जगणं नकोसं झालंय असं तो म्हणाला, तर त्याला एकट्याला घरी धाडू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक लिहून द्या, पण तेवढ्यावर सुटका मानू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना एआरटीची चिठ्ठी सोबत द्यायची, त्याची संमती घेऊनच. चिठ्ठी नसली आणि तिकडून कार्बामाझेपिन हे फिट्स आणि मनःस्थितीच्या आजारांवरचं औषध सुरू झालं, तर डोल्युटेग्राविरची रक्तातली पातळी घसरते.

दारू, खचलेलं मन, हातावरचं पोट हे सगळं एकमेकांना पोसतं. मेरिल सिंगर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने अशा गुंत्याला 'सिंडेमिक' म्हटलं. आपल्याकडे तो पाहायचा तर दिवाळीच्या सुमारास बीडहून निघणाऱ्या ऊसतोड टोळीत पाहा. उचल घेतलेली, म्हणून फड सोडून केंद्रावर जाता येत नाही. कोपीत गोळ्यांची डबी लपवायला कोपरा नाही. मुकादमाला कळलं तर काम जाईल ही धास्ती, आणि अंग दुखतं म्हणून रात्री दारू. निघायची तारीख सप्टेंबरातच विचारून ठेवा. प्रकृती स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, नाहीतर कारखान्याजवळच्या केंद्राशी आधीच बोलून ठेवा. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून डबीत कापूस घालायला सांगा.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, हजाराच्या वर गेला, तर महिन्याच्या अंतराने समुपदेशनाच्या तीन बैठका होतात. पहिली बैठक पूर्ण याच प्रश्नाला द्या, कुठल्या दिवशी राहिली? उपदेश नको. दुसरीत गोळीची वेळ, डबीची जागा आणि घरातलं एक विश्वासाचं माणूस ठरवा. तिसरीत उरलेल्या गोळ्या पुन्हा मोजा. नंतरच्या तपासणीतही आकडा हजाराच्या वर राहिला, तरच औषध बदलण्याची चर्चा.