राजबिंडा खुनी आणि दलदलीतली गाडी

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत 'देखणे नट आणि सीरियल किलरच्या भूमिका' असा छापला आहे. त्यातला 'सीरियल किलर' हा शब्द तसाच राहू द्यावा, असा आग्रह माझाच होता. कारण त्याचे 'मालिका-खुनी' असे मराठी केले की तो दूरचित्रवाणीवरच्या एखाद्या मालिकेतला इसम वाटू लागतो, आणि त्या मालिकांमध्ये पहिला खून पडेपर्यंत तीन वर्षे उलटून गेलेली असतात. मागच्या रांगा हसल्या, पुढच्या रांगा अजून विचारात आहेत. आपण पुढे जाऊ. खुन्याला देखणा चेहरा मिळाला की त्याने मारलेल्या माणसांचा चेहरा कसा पुसला जातो, याविषयी बोलेन, असे मी आयोजकांना कळवले होते. तिथे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एक तक्रार मांडल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही.

तक्रार अशी आहे. एखाद्या राजबिंड्या नटाने खुन्याची भूमिका केली की लगेच कोणीतरी म्हणते, 'झाले, आता खुन्यालाही हीरो केले.' हे वाक्य अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते खोडून काढणे अवघड जाते. परंतु त्याच्या पोटात अशी एक समजूत दडलेली असते की, क्रूर माणसासाठी क्रूर चेहऱ्याचा नट घेतला असता तर चित्रपट अधिक प्रामाणिक झाला असता. १९३१ साली जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगने 'एम' या चित्रपटात मुलांना मारणाऱ्या माणसाच्या भूमिकेत पीटर लॉरेला घेतले. तो गोल चेहरा आणि ते बाहेर आलेले डोळे पाहताच प्रेक्षक चार हात लांब सरकतो. शेवटच्या कबुलीजबाबाच्या वेळी त्याची कीव येते, हे मला मान्य आहे. परंतु कीव येणे आणि माणूस आवडणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि माझा आजचा सारा मुद्दा त्या अंतरातच आहे.

देखण्या नटाला खुनी होऊ देणे हे चित्रपटाला पूर्वी परवडतही नसे. हिचकॉकच्या १९२७ सालच्या 'द लॉजर'ची मूळ कादंबरी मेरी बेलॉक लाउन्ड्झ यांची. तिच्यातला भाडेकरू खुनीच आहे. चित्रपटात मात्र ती भूमिका आयव्हर नॉव्हेलोकडे गेली, आणि तो त्या काळातल्या इंग्लंडमधल्या असंख्य स्त्रियांचा लाडका नट असल्यामुळे भाडेकरूला निर्दोष ठरवणे भाग पडले. चेहऱ्याने कथेचा निकाल फिरवला, असेच म्हणायला हवे. कॅरी ग्रँटच्या बाबतीत १९४१ साली 'सस्पिशन'मध्ये पुन्हा तेच घडले. दोनच वर्षांनी, १९४३ साली, हिचकॉकने 'शॅडो ऑफ अ डाउट'मध्ये जोसेफ कॉटनला विधवांचा खून करणारा लाघवी मामा केले, तेव्हा कुठे ही अडचण सुटली. मामा हे नातेच मुळी आपल्याला इतके प्रिय की त्याच्यावर संशय घ्यायला भाचीलाही जड जाते.

आता मी माझ्या आवडत्या गोष्टीकडे येतो. ज्यांनी ती माझ्या तोंडून पूर्वी ऐकली असेल, त्यांनी कृपया शेजाऱ्याला शेवट सांगू नये.

रॉबर्ट ब्लॉक यांच्या १९५९ सालच्या 'सायको' या कादंबरीतला नॉर्मन बेट्स हा चाळिशीचा, लठ्ठ, चष्मा लावणारा आणि दारू पिणारा माणूस आहे. असा माणूस आडरस्त्यावरचे मोटेल चालवताना दिसला तर आपण गाडी थांबवणारही नाही. हिचकॉकने १९६० साली त्या जागी अँथनी पर्किन्सला आणले. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. सडसडीत, लाजरा, बोलताना अडखळणारा आणि चार वर्षांपूर्वीच्या एका भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळवलेला. काही वर्षांपूर्वी मी हा चित्रपट काही रसिकांना दाखवला होता. मोटेलमध्ये उतरलेल्या बाईचा स्नानगृहात खून होऊन जातो, तो नॉर्मनच्या आईने केला असे आपल्याला भासवले जाते, नॉर्मन धावत येतो, हादरतो, आणि मग बादली व फडके घेऊन फरशी पुसू लागतो. ही साफसफाई पडद्यावर बराच वेळ चालते, आणि ज्याने कधी काही सांडून ते कोणी येण्याआधी पुसले आहे, तो प्रत्येक प्रेक्षक मनातल्या मनात त्याला मदत करू लागतो. त्यानंतर तो प्रेत गाडीच्या डिकीत ठेवतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडू लागते आणि अर्धवट बुडून अचानक थांबते. नॉर्मन भेदरून इकडेतिकडे पाहतो. त्या क्षणी आमच्या खोलीत कोणाचा श्वासही ऐकू येत नव्हता. मग गाडी पुन्हा हलली, पाण्याखाली गेली, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी मोठ्याने 'हुश्श' केले.

चित्रपट संपल्यावर मी त्यांना गाठले, आणि 'आपण कोणासाठी सुटकेचा श्वास टाकलात,' असे विचारले. ते म्हणाले, 'त्या पोरासाठी. आईच्या पायी बिचारा अडकला होता ना.' मी म्हणालो, 'पण आपण तर हा चित्रपट पूर्वी पाहिलेला आहे; खुनी कोण ते आपल्याला माहीत होते.' त्यावर ते थोडे ओशाळले आणि म्हणाले, 'माहीत होते हो. पण त्याच्याकडे पाहून लक्षात राहिले नाही.'

देखण्या चेहऱ्याचे काम यापेक्षा नेमकेपणाने मला आजवर सांगता आलेले नाही. कादंबरीतला लठ्ठ नॉर्मन तिथे उभा असता तर ती गाडी पुन्हा वर यावी असे त्याच गृहस्थांना वाटले असते. तेव्हा इथे पर्किन्सचा चेहरा खुन्याचे वर्णन करण्यासाठी घेतलेला नाही, तो आपल्याला सामील करून घेण्यासाठी घेतलेला आहे. आणि शेवटच्या दृश्यात त्याच चेहऱ्यावर जे हसू उमटते, ते आपल्या त्या 'हुश्श'ची वसुली करते. हे काम निव्वळ सौंदर्यच करते असेही नाही. २०१४ सालच्या 'एक व्हिलन'मध्ये रितेश देशमुखला स्त्रियांचे खून करणारा केले आहे. ज्याला पाहताच आपण हसायच्या तयारीत बसतो, त्याच्याच हातात स्क्रूड्रायव्हर दिलेला आहे.

माझे खरे भांडण आहे ते दुसऱ्या प्रकाराशी, म्हणजे प्रत्यक्षात होऊन गेलेल्या खुन्याला देखणा नट देण्याशी. अमेरिकेत सत्तरच्या दशकात अनेक तरुणींचे खून करणाऱ्या टेड बंडीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९८६ साली दूरचित्रवाणीसाठी केलेल्या एका चित्रपटात मार्क हार्मनने त्याची भूमिका केली. त्याच वर्षी एका अमेरिकन नियतकालिकाने हार्मनला हयात पुरुषांमधला सर्वांत आकर्षक पुरुष म्हणून गौरवले होते, आणि खुद्द बंडी तेव्हा फ्लोरिडात फाशीची नव्हे, विजेच्या खुर्चीची वाट पाहत होता. २०१९ साली झॅक एफ्रॉनने तीच भूमिका केली. त्या जानेवारीत, बंडीच्या रूपाचीच चर्चा इतकी रंगली की, आमच्याकडे खुनी नसलेले देखणे पुरुष हजारोंनी आहेत, अशी आठवण नेटफ्लिक्सला प्रेक्षकांना जाहीरपणे करून द्यावी लागली.

यावर सांगितले जाते की, बंडी खरोखरच देखणा होता आणि त्या रूपावर भुलूनच स्त्रिया फसल्या. खटल्यातली माहिती वेगळेच सांगते. १४ जुलै १९७४ रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या एका तळ्याकाठी तो हात गळ्यात बांधून फिरत होता आणि होडी गाडीवर चढवायला मदत मागत होता. तिथून दोन तरुणी नाहीशा झाल्या. त्या त्याच्या रूपावर भुलल्या नव्हत्या, त्या एका जखमी माणसाच्या मदतीला गेल्या होत्या. त्याच वर्षी युटामध्ये त्याने आपण पोलीस असल्याची बतावणी केली. जानेवारी १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या विद्यार्थिनींच्या निवासात तो रात्री शिरला तेव्हा त्या झोपलेल्या होत्या, आणि झोपलेल्या माणसाला कोणाचाच चेहरा दिसत नाही. त्याच्या अफाट बुद्धीचेही असेच आहे: १९७५ साली आणि पुन्हा १९७८ साली तो सापडला, तो रस्त्यावर पोलिसांनी गाडी अडवल्यामुळे. रूपाचा खरा उपयोग त्याला झाला तो नंतर, १९७९ सालच्या खटल्यात, कॅमेऱ्यांसमोर. मृत्युदंड सुनावल्यावर न्यायाधीशांनीच त्याला, तू चांगला वकील झाला असतास, असे हळहळून सांगितले. २०१९ सालचा चित्रपट ही हळहळ दाखवतो खरी, परंतु त्याआधीचे दीड तास तो स्वतःच तिची मशागत करीत आलेला असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तिच्यावर 'पाच' असे लिहिले आहे. मी ते मिनिटे म्हणून वाचतो, परिच्छेद म्हणून नव्हे. तेव्हा जे बोलायला आलो होतो ते आता घाईने सांगतो.

देखणेपणाचा हा नियम स्त्री-पुरुषांना सारखा लागू होत नाही. शार्लीझ थेरॉनने २००३ सालच्या 'मॉन्स्टर'मध्ये आयलीन वुर्नोस ही प्रत्यक्षात होऊन गेलेली खुनी स्त्री साकारली, तेव्हा तिने वजन वाढवले, कृत्रिम दात लावले, त्वचा खराब दिसेल अशी रंगभूषा केली, आणि ऑस्कर मिळवले. खुनी पुरुषाचे रूप राखायचे आणि खुनी स्त्रीचे उतरवायचे, असा पायंडाच दिसतो. टोनी कर्टिसने १९६८ साली 'द बॉस्टन स्ट्रँगलर'साठी नाकाचा आकार बदलून घेतला होता, हा एक सन्माननीय अपवाद.

आणि मारल्या गेलेल्यांचे काय? नट जितका मोठा तितकी खुन्याची पडद्यावरची मिनिटे अधिक, आणि ती मिनिटे कोणाच्या तरी वाट्यातून कापली जातात. बंडीने तीस खुनांची कबुली दिली होती. २०१९ सालच्या त्या चित्रपटाच्या शेवटी बळींच्या नावांची यादी पडद्यावर येते, आणि त्या वेळी प्रेक्षक चपला शोधत असतात. 'सायको'त मारल्या जाणाऱ्या बाईची भूमिका करणारी जॅनेट ली ही त्या चित्रपटातली सर्वांत मोठी तारका असून पहिली चाळीसेक मिनिटे कथा सर्वस्वी तिचीच आहे. तिथे तरी असे होऊ नये, असे आपण म्हणू.

म्हणूनच त्या गृहस्थांना मी आणखी एक प्रश्न विचारला होता, जो ही गोष्ट सांगताना मी नेहमी गाळत आलो: त्या डिकीत कोण होते? ते म्हणाले, 'ती पैसे घेऊन पळालेली बाई.' नॉर्मनचे नाव त्यांना आडनावासकट आठवत होते. तिचे नाव काही केल्या आठवेना. मॅरियन क्रेन, असे मी सांगणार होतो, परंतु त्या क्षणी मलाही ते आठवले नाही, आणि घरी जाऊन पाहावे लागले.

अध्यक्ष उभे राहिले आहेत. प्रश्न असतील तर घेऊ.