चौदाव्या दिवसापासून

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच निजलेले असताना, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ७ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे दीर्घकाळ वाचलेली कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये शेजारी-शेजारी राहिली. घरोघरी कोणी ना कोणी गेलेले असल्याने आपले दुःख कोणालाही समजावून सांगण्याची वेळ आली नाही.

एकाच घरात मृत्यू होतो तेव्हा अशी सोबत आपोआप मिळत नाही. मराठवाड्यातले गाव दुःखात पाठ फिरवत नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. शेजारून पिठले-भाकरी येते, राख सावडायला भावकी जमते आणि तेराव्यापर्यंत ओसरी रिकामी राहत नाही. परंतु चौदाव्या दिवशी पाहुणे एसटीने परततात, पेरणी-काढणी कोणासाठी थांबत नाही, आणि ‘आता लेकरांकडं बघ’ एवढेच ऐकू येऊ लागते. दुःखाचा खरा जोर बहुधा यानंतरच जाणवतो.

शोकातून जाणाऱ्यांचा आधारगट ही या पुढच्या काळाची गरज आहे. आठ-दहा माणसे ठरावीक दिवशी गोलाकार बसतात. बोलण्याची सक्ती नसते, कोणी न मागता सल्ला देत नाही आणि तेथे बोललेले बाहेर जात नाही. अशाच एका बैठकीतील एका ताईंच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात मृत्यूचा दाखला, सातबारा आणि बँकेचे पासबुक आहे. सुरुवातीच्या बैठकांत त्या केवळ वारसनोंदीविषयी बोलल्या, आणि गटाने तेही तितक्याच गांभीर्याने ऐकून घेतले. पतीविषयी त्या बोलू लागल्या त्या नंतर, आपणहून.

आत्महत्येने घरातले माणूस गेले असेल, तर शक्यतो तसाच आघात सोसलेल्यांचा गट शोधावा, असे आम्हाला मनापासून वाटते. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला पंचनाम्याला सामोरे जावे लागते, प्रकरण सरकारी मदतीस पात्र की अपात्र हे समिती ठरवते, आणि या साऱ्या धावपळीत येणारा-जाणारा पत्नीला विचारत राहतो, ‘तुला कसं कळलं नाही गं?’ हा प्रश्न जेथे कोणीही विचारत नाही, अशी जागा त्या बाईसाठी फार मोलाची असते.

असे गट तालुक्याच्या गावी सहज सापडत नाहीत, म्हणून चौकशी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरू करावी. आशाताई, एकल महिलांसाठी काम करणाऱ्या संघटना आणि बचत गटाच्या प्रमुख यांनाही विचारावे. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलिमानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) सेवा २०२२ पासून सुरू आहे; ती चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. जीव नकोसा वाटत असेल, तर गटाची वाट न पाहता लगेच तेथे फोन करावा. शोकाची तीव्रता सहा महिन्यांनंतरही ओसरत नसेल आणि रोजचे व्यवहार अडत असतील, तर गटासोबत डॉक्टरांचाही सल्ला आवश्यक आहे.

बाईला घराबाहेर पडू दिले जात नाही, ही अडचण मात्र फोनने सुटत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यातील इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे, असे आवाहन शासनाने केले. तरीही अनेक घरांत तिच्या बाहेर जाण्याला आजही कारण द्यावे लागते. म्हणून बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवणे सोयीचे ठरते. तरुण मुलगा गमावलेल्या बापांना बायकांच्या बैठकीत बसणे जड जात असेल, तर त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी. पारावर ते तासन्‌तास बसतात, पण तेथे बोलणे पाऊस आणि सोयाबीनच्या भावापलीकडे जात नाही.

पहिल्या बैठकीला बहीण किंवा मैत्रीण सोबत नेता येईल का, हे आधी विचारून घ्यावे. दोन-तीन बैठकांनंतरही तेथे मन रमले नाही, तर संकोच न बाळगता दुसऱ्या गटाची चौकशी करावी.