वाटेतून परत आलेला खंजीर

नमस्कार मंडळी! आज एका खंजिराची गोष्ट सांगतो, आणि आधीच सांगून टाकतो की हा खंजीर कुणाला मारायला बनवलाच नव्हता, तो बनवला होता भांडण मिटल्याची खूण म्हणून.

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात तो आहे. उस्मानी सुलतान पहिला महमूद याने इराणच्या नादिरशहाला भेट द्यायला तो करवून घेतला. हो, तोच नादिरशहा, १७३९ मध्ये दिल्ली लुटून मयूर सिंहासन घेऊन गेला तो. या दोघांचं १७४३ पासून युद्ध चालू होतं, शेवटी १७४६ मध्ये तह झाला, आणि तह झाला म्हणजे भेटवस्तू आल्याच.

आता जरा डोळे मिटा आणि ही मूठ बघा. तिच्यावर एकाखाली एक असे तीन मोठे पाचू, हिरवेगार, भोवती हिरे. म्यान सोन्याची, तीही हिऱ्यांनी मढवलेली, आणि तिच्या मधोमध मीनाकामात काय काढलंय माहितीये? फळांनी भरलेली टोपली! म्हणजे शस्त्राच्या अंगावर फळं, मला हे फार म्हणजे फारच आवडतं. आणि मुठीच्या टोकाला अजून एक पाचू, तो झाकणासारखा उघडतो आणि आत निघतं चक्क एक छोटंसं घड्याळ. लोक पाचूंचे फोटो काढतात, पण मला विचाराल तर खरी कमाल त्या घड्याळाची, कारण तेवढ्याशा जागेत ते बसवायचं, वर बिजागरीचं झाकण, आणि तरी मुठीचा डौल कुठे बिघडत नाही, तो कारागीर काय हाताचा असेल हो!

बरं, खंजीर आणि म्यान हे दोन्ही शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतूनच आलेत, त्यामुळे ही वस्तू आपल्याला परकी वाटत नाही.

तर सुलतानाचा वकील नजराणे घेऊन मोठ्या लवाजम्यासह इराणकडे निघाला, आणि १७४७ च्या जूनमध्ये नादिरशहाचा खून झाला, त्याच्याच माणसांनी केला. वाटेतच बातमी कळली. आता द्यायचं कुणाला? खंजीर परत इस्तंबूलला आला.

नादिरशहानेही सुलतानासाठी रत्नजडित तख्त पाठवलं होतं, हिंदुस्थानी कारागिरीचं. तेही तोपकापीतच आहे. कधी तिकडे गेलात तर पाचूंपुढची गर्दी ओसरली की त्या तख्तासमोरही थांबा थोडा वेळ.