बर्फाखालची पहिली पंधरा मिनिटं

नमस्कार श्रोतेहो. गुलमर्गच्या गोंडोलातून, म्हणजे तिथल्या रोपवेतून, अफरवत डोंगराच्या वरच्या टप्प्यापर्यंत जाऊन आलेली मंडळी आता आपल्या घराघरांत सापडतात. तिथे देखरेखीखालचा उतार संपला की पलीकडे मोकळा डोंगर सुरू होतो आणि त्या मोकळ्या डोंगरावर स्की करायला जगभरातून लोक येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलन झालं, त्यात पोलंडचे दोन स्कीअर गेले. त्यांच्यासोबतच्या बऱ्याच जणांना वाचवता आलं. अशा बर्फातून माणूस वाचतो तो कसा, ते आज सांगायचं आहे. आणि त्यासाठी मला अमेरिकेतल्या एलिस सॉगस्टॅडची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९ फेब्रुवारी २०१२, रविवार. वॉशिंग्टन राज्यातला स्टीव्हन्स पास. दोन दिवस भरपूर बर्फ पडून गेलेला. सोळा जण स्की रिसॉर्टची हद्द ओलांडून टनेल क्रीकच्या उतारावर निघाले. यात नवशिकं कुणी नव्हतं. एलिस तर व्यावसायिक स्कीअर. बाकीच्यांत स्पर्धांचे परीक्षक होते, तो डोंगर वर्षानुवर्षं पायाखाली घातलेले स्थानिक होते. हिमस्खलनाचा धोका आहे, हा इशारा त्या दिवशी दिलेला होता. तरी निघाले.

इथे थोडं थांबून बोलतो. सोळा जण ही संख्याच मला खटकते. आपल्याकडे पावसाळ्यात सह्याद्रीत चाळीस-चाळीस जणांचे ट्रेक निघतात, तेही मला मुळीच पटत नाही. चौघं असली तर एखादा म्हणतो, ‘मला हे बरं वाटत नाही, परत फिरू.’ चाळिसांत प्रत्येकाला वाटतं, बाकीचे चाललेत म्हणजे ठीकच असेल. त्या दिवशीही काहींच्या मनात शंका होती. मोठ्याने कुणी बोललं नाही.

असो. एलिस उतारावर पुढे होती. मागून ओरडा आला आणि वरचा बर्फ तुटला. नव्या बर्फाचा जाड थर जुन्या, ठिसूळ थरावरून सुटला होता. एलिसच्या पाठीवरच्या सॅकमध्ये एअरबॅग होती. तिने खांद्याजवळची मूठ खेचली. दोन मोठे फुगे फुगले आणि लोटाने तिला उचललं. झाडाझुडपांतून, घळीतून, गोल गोल फिरवत दोन हजार फुटांहून जास्त खाली नेलं. थांबली तेव्हा ती उताणी होती, सिमेंटमध्ये बसवल्यासारखी घट्ट. पाय हलेना, पाठ हलेना. फक्त चेहरा आणि हात बाहेर. एवढंच, पण श्वास चालू होता! मित्र खाली पोचेपर्यंत ती तशीच पडून राहिली. तिच्यासोबत आणखी तिघं वाहून गेले होते. त्यातला एक तिच्यापासून अगदी जवळ पुरला गेला होता आणि तिला ते माहीतही नव्हतं. अंगावर बांधलेलं, सतत रेडिओ संदेश पाठवणारं छोटं यंत्र म्हणजे बीकन; त्याच्या संदेशावरून मित्रांनी तिघांनाही शोधलं, खणून काढलं. तिघांपैकी कुणीही वाचलं नाही.

हे फुगे काम कसं करतात? चिवड्याचा डबा हलवला की तिखट-मीठ तळाला जातं आणि खोबऱ्याचे मोठे काप वर राहतात. फुग्यांमुळे माणूस आकाराने मोठा होतो, म्हणून वर राहतो. मात्र झाडावर आपटण्यापासून फुगा वाचवत नाही, हे लक्षात असू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंधरा मिनिटं. पुन्हा सांगतो, पंधरा मिनिटं. तेवढ्यात बाहेर काढलेल्या दहांपैकी साधारण नऊ जण जगतात. पस्तीस मिनिटांनी तिघांतला एक. बर्फात हवा असते, पण आपल्याच उच्छ्वासाने तोंडापुढचा बर्फ गोठतो आणि माणूस गुदमरतो. हेलिकॉप्टर पंधरा मिनिटांत येत नाही. म्हणजे वाचवणार ते सोबतचेच. म्हणून प्रत्येकाकडे, अगदी प्रत्येकाकडे, बीकन, बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब शोधकाठी आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सराव हवा. गुलमर्गला गाईडच्या पैशांत घासाघीस करणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटतं. संकटात पहिलं फावडं तोच मारणार असतो.

तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून पाहत राहायचं. बर्फ सुटलाच तर लगेच फुग्याची मूठ ओढा, बाजूला निसटायचा प्रयत्न करा. लोट मंदावू लागला की हात तोंडापुढे आणा, श्वासापुरती पोकळी करा. तो थांबला की हात हलणार नाही.

आणि तुम्ही वर राहिलात, सोबती खाली गेला, तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत धरून ठेवा. सगळ्यांनी आपलं बीकन शोधावर लावा, म्हणजे ते संदेश पाठवण्याऐवजी पुरलेल्याचा संदेश पकडेल. काठी अंगाला लागली की ती तिथेच राहू द्या. डोक्यावरून सरळ खाली खणू नका. उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणत आत शिरा, आणि आधी तोंड मोकळं करा, मग छाती.